धाराशिवची सारिका

नांदेडास शाळेंत असतां मैदानावर रेंगाळणारीं मुलें आम्हीं कित्येकदां वर्गांत हांकलून आणिलीं. आतां लातुरास बिऱ्हाड आहे, आणि या गांवीं गुणांचा हिशेब तर घरोघर चालतो. गेल्या महिन्यांत नातीनें खो-खोच्या संघांत नांव घातलें. घरांत दोन पक्ष पडले व निवाडा आमच्याकडे आला. तेव्हां आम्हांस शेजारच्या धाराशिवची सारिका काळे आठवली.

तेराव्या वर्षीं ती या खेळांत आली. वडिलांस अपंगत्वामुळें फारसें मिळवितां येत नसे, आई शिवणकाम करी, आणि घर आजीआजोबांच्या कमाईवर चाले. जवळजवळ दहा वर्षें दिवसाकाठीं एकच जेवण मिळे, असें तिनेंच पुढें सांगितलें. शिबिरास गेली म्हणजे काय तें पोटभर!

खो-खो हा नुसत्या पायांचा खेळ, असें समजणाऱ्यांत आम्हीही होतों. आठ गडी आळीपाळीनें विरुद्ध तोंडें करून बसलेले, नववा पाठलागावर. त्यानें धरलेली दिशा सोडावयाची नाहीं, मधली रेषा ओलांडावयाची नाहीं. म्हणजे खो कोणास व कोणत्या क्षणीं द्यावा, यावरच सारें. १८९१ सालीं नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें अमेरिकेंत बास्केटबॉल रचिला. त्यांत चेंडू पुढें आणून तो कोणाकडे द्यावा हें ठरविणारा एक खेळाडू असतो. आमच्या खेळांत ती अक्कल प्रत्येकास पाळीपाळीनें दाखवावी लागते. (याचे नियम पुण्यास डेक्कन जिमखान्यानें १९१४ मध्यें बांधिले.)

२०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत सारिका भारताची कर्णधार होती, व संघानें सुवर्णपदक मिळविलें. आश्चर्य हें कीं, पैशाच्या विवंचनेनें खेळ सोडण्याचा निश्चय तिनें केला तोही याच वर्षीं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनीं समजूत घातली, तेव्हां ती मैदानावर परतली. पुढें तुळजापुरास तालुका क्रीडा अधिकाऱ्याची जागा मिळाली, आणि २०२० मध्यें अर्जुन पुरस्कार. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनीं नेपाळास ७८–४० असें हरविलें. त्या संघांतही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

हें सारें आम्हीं सुनेस सांगितलें. ती म्हणाली, “मामंजी, त्या मुलीला खायला नव्हतं तरी ती खेळली. आपल्याकडे सगळं आहे, म्हणून तर परीक्षेची भीती.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

नात मैदानावर जाते. पहांटे पांचला दूध तापवून देण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे. चांचणीचा निकाल पुढील आठवड्यांत आहे.