देशावांचून सेनापति

सेनापति म्हटला कीं त्याच्या पाठीशीं राजा, राज्य आणि खजिना असावयाचा. यांपैकीं कांहींच ज्याच्याजवळ उरलें नव्हतें, अशा एका सेनापतीची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव यूझेफ बेम.

१७९४ सालीं पोलंडमधील टार्नूफ येथें त्याचा जन्म झाला. पुढच्याच वर्षीं रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं पोलंडची शेवटची वांटणी करून तें राष्ट्र नकाशावरून पुसून टाकलें. नेपोलियन तें पुन्हां उभें करील या आशेनें अनेक पोलिश तरुण त्याच्या सैन्यांत शिरले. बेमही तोफखान्यांत दाखल होऊन १८१२ च्या रशियावरील स्वारींत गेला. पण ती आशा फोल ठरली. पुढें त्यानें अग्निबाणांवर पुस्तक लिहिलें. हें अस्त्र इंग्रजांनीं म्हैसूरच्या टिपूच्या बाणांवरून उचललें होतें.

१८३० च्या नोव्हेंबरांत वॉर्सा येथें रशियाविरुद्ध उठाव झाला. २६ मे १८३१ रोजीं ऑस्ट्रोलेंकाच्या लढाईंत पोलिश फळी मोडूं लागली, तेव्हां बेमनें आपल्या तोफा भरधाव शत्रूच्या समोर नेऊन भडिमार केला, आणि त्या आडोशानें सैन्य निसटलें. उठाव मात्र चिरडला गेला. बेम पॅरिसला निर्वासित झाला.

पोलंडला बेड्या घालणाऱ्या सम्राटांशीं जो लढेल तो आपला सोबती, हाच त्याचा पुढील आयुष्याचा नेम दिसतो. १८४८ सालीं त्यानें ऑस्ट्रियन सम्राटाविरुद्ध उठलेल्या व्हिएन्नाच्या बचावांत भाग घेतला. तें शहर पडतांच तो हंगेरींत गेला. कोशुथनें त्याला ट्रान्सिल्व्हानियाचें सैन्य दिलें, आणि मार्च १८४९ पर्यंत त्यानें तो प्रांत बहुतेक जिंकून घेतला. सैनिक त्याला प्रेमानें ‘बेमबाबा’ म्हणत. हंगेरीचा थोर कवि पेटोफी त्याचा सहायक होता. परंतु ऑस्ट्रियाच्या मदतीस झारचें सैन्य आलें. ३१ जुलैला शेगेश्वारच्या रणांत बेमचा पराभव झाला आणि पेटोफी कायमचा नाहींसा झाला. ऑगस्टमध्यें हंगेरीनें शस्त्रें खालीं ठेविलीं.

बेम तुर्कस्थानांत गेला. रशिया व ऑस्ट्रिया यांनीं निर्वासितांची मागणी केली, तेव्हां त्यानें इस्लाम धर्म स्वीकारला आणि तो मुराद पाशा झाला. रशियाविरुद्ध पुन्हां शस्त्र धरतां यावें, हा त्यांत त्याचा हेतु होता. ती वेळ आली नाहीं. १० डिसेंबर १८५० रोजीं अलेप्पो येथें तो वारला.

१९२९ सालीं स्वतंत्र पोलंडनें त्याच्या अस्थि टार्नूफला आणल्या. पण धर्म सोडलेल्या माणसाला कॅथलिक दफनभूमींत जागा कशी मिळणार? म्हणून तळ्यांतील बेटावर उंच खांब उभारून त्यांवर त्याची शवपेटी ठेवण्यांत आली. जन्मभर ज्याच्या पायांखालीं स्वतःची भूमि नव्हती, त्याला मरणानंतरही ती लाभली नाहीं!

तथापि लोक त्याला विसरले नाहींत. २३ ऑक्टोबर १९५६ रोजीं बुडापेस्टचे विद्यार्थी स्वातंत्र्याची मागणी घेऊन निघाले, तेव्हां ते जमले तें ठिकाण या परदेशी सेनापतीच्या पुतळ्याजवळचें होतें.