दुसरा नंबर

जपानी दिग्दर्शक ओझूंच्या ‘टोकियो स्टोरी’त आतामीच्या समुद्रकाठी, बंधाऱ्यावर दोघं म्हातारे बसले आहेत, तिथे आपण मागच्या आठवड्यात थांबलो होतो. आज ओझूंच्याच ‘लेट स्प्रिंग’मधल्या फुलदाणीवर लिहायचं कबूल केलं होतं, पण ती राहू दे. साताऱ्याहून एका बाईंचं पत्र आलंय आणि चार दिवस ते डोक्यातून जात नाहीये. त्या विचारतात, ‘टोकियो स्टोरी’ एवढा थोर, तर जपान्यांनीच त्याला त्या वर्षी पहिला नंबर का दिला नाही?

बाईंनी बरोबर नस पकडली. ‘किनेमा जुन्पो’ हे जपानमधलं जुनं, वजनदार सिनेमा-नियतकालिक. समीक्षकांची मतं घेऊन ते दरवर्षी यादी काढतं. 1953 च्या यादीत पहिला आला तादाशी इमाई यांचा ‘निगोरिए’. ओझू दुसरे, मिझोगुचींचा ‘उगेत्सु’ तिसरा.

मला त्या समीक्षकांचा राग येत नाही. ‘निगोरिए’ म्हणजे हिगुची इचियो या लेखिकेच्या तीन कथा, गरिबीत पिचलेल्या बायकांच्या. जपानवरचा अमेरिकेचा ताबा उठून जेमतेम दीड वर्ष झालेलं. अशा वेळी अन्यायावर बोट ठेवणारा सिनेमा जवळचा वाटणारच. ओझू मात्र आपले पुन्हा घरात: कोण आलं, कोण गेलं, मुलीचं लग्न, जेवणं. तरुणांना तो माणूस जुनाट वाटायचा.

गंमत बघा, पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही चित्रपटांत हारुको सुगिमुरा आहे. ‘टोकियो स्टोरी’तली ब्यूटी पार्लरवाली मुलगी शिगे ती हीच. नवरा सासू-सासऱ्यांसाठी केक आणतो, तर शिगे म्हणते, एवढं महागाचं कशाला, साधे क्रॅकर्स चालले असते. आणि बोलता बोलता त्यातलाच एक स्वतः मटकावते. आईचे अंत्यसंस्कार उरकून जेवायला बसल्यावर आईचे कुठले कपडे आपल्याला हवेत, हेही तीच काढते. आणि तरी ती खलनायिका वाटत नाही. अशी एक आत्या प्रत्येकाच्या घरात असते. माझ्याकडे दोन होत्या.

परदेशात हा चित्रपट उशिरा पोचला, त्याचं कारण वेगळं. 1951 मध्ये ‘राशोमोन’नं व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळवला, आणि बाहेरच्यांना तलवारी, किमोनो, भुतं आवडतात असं स्टुडिओवाल्यांनी ठरवून टाकलं. सतरंजीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून घरातली माणसं दाखवणारे ओझू त्यांच्या हिशेबात ‘फारच जपानी’. आता ज्या गोष्टीला फारच जपानी म्हटलं, तिचं मूळ बघा: पटकथाकार कोगो नोदा यांच्या मनात होता लिओ मॅककेरींचा 1937 चा अमेरिकन चित्रपट ‘मेक वे फॉर टुमॉरो’. मुलांना जड झालेले आई-बाप. आपल्याकडे ‘टोकियो स्टोरी’नंतर वर्षभरात, 1954 मध्ये राजा परांजपे यांनी ‘ऊन पाऊस’ केला. तिथेही मास्तर आणि त्यांची बायको मुलांना नकोसे होतात. ‘टोकियो स्टोरी’तल्या म्हाताऱ्यांचं ओनोमिची आणि आपलं पुणे यांच्यात काही करार नव्हता.

लंडनने आधी दखल घेतली. तिथे 1958 मध्ये सदरलँड ट्रॉफी सुरू झाली, ती पहिल्यांदा या चित्रपटाला मिळाली. न्यूयॉर्कमध्ये तो रीतसर लागला 1972 मध्ये. ओझू तोवर नऊ वर्षांपूर्वी गेले होते, स्वतःच्या साठाव्या वाढदिवशी. मग ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमा-नियतकालिकाचे कौल: 1992 मध्ये समीक्षकांचा तिसरा, 2012 मध्ये दिग्दर्शकांचा चक्क पहिला, 2022 मध्ये समीक्षकांचा चौथा. बाई, पहिला नंबर मिळाला, फक्त 59 वर्षं लागली.

आता खरं म्हणजे मला ज्याच्याविषयी लिहायचंय तो या चित्रपटाचा एक प्रेक्षक, शोहेई इमामुरा. ते ‘टोकियो स्टोरी’वर सहायक होते. त्याच सुमारास त्यांची आई मेंदूत रक्तस्राव होऊन गेली, आणि चित्रपटातल्या आईचं मरणही तसंच. ते दृश्य पाहवेना म्हणून इमामुरा उठून लघवीला गेले, तर शेजारी येऊन उभे राहिले ओझू. त्यांनी विचारलं, असं झालेला माणूस आपण दाखवलाय तसाच दिसतो ना? ही आठवण इमामुरांनीच सांगून ठेवली आहे. तेव्हा त्यांना ते निर्दय वाटलं, मोठा कलावंत असं विचारतो हे त्यांना फार पुढे पटलं. 1954 मध्ये इमामुरा ओझूंचा स्टुडिओ सोडून गेले आणि ओझूंच्या टापटीप घरांच्या नेमके उलटे, घामट, चिखलातल्या माणसांचे चित्रपट काढू लागले.

1983 मध्ये कानला त्यांना सर्वोच्च सन्मान मिळाला तो ‘बॅलड ऑफ नारायामा’साठी. त्यात गावाच्या रिवाजाप्रमाणे मुलगा म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन डोंगरावर नेतो, मरायला ठेवून येतो. बर्फ पडू लागतो.

फुलदाणी पुढच्या आठवड्यात, नक्की.