दंतोपचाराची नोंद रुग्णासोबत

खंडाळा तालुक्यातील रुग्ण दाढदुखीच्या उपचारासाठी कधी शिरवळला, तर कधी साताऱ्याला वा पुण्याला जातो. जुना केसपेपर मात्र घरीच राहतो. ही उणीव संगणकीय नोंदीने दूर होऊ शकते. प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक असतो. ३६ म्हणजे खालची डावीकडील पहिली कायमची दाढ. त्यापुढे उपचार व क्ष-किरण चित्र नोंदले जाते. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्यास दात काढण्यापूर्वीच ती नोंद डॉक्टरांच्या नजरेस पडते. सन २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी अशी नोंद संमतीने जोडता येते. मात्र रुग्णाने आपली औषधे प्रथम भेटीतच सांगावीत. न सांगितलेले संगणक कोठून दाखविणार?