सिंगापूरचे तीन ब्रह्मचारी

मागे मुलाकडे सिंगापूरला गेलो होतो, तेव्हा टीव्हीवर एक जुना कृष्णधवल मलय चित्रपट लागला होता. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्या वाचत बसलो आणि शेवटपर्यंत उठलो नाही. ‘सनिमान बुजांग लापोक’, १९६१ सालचा. ‘बुजांग लापोक’ म्हणजे लग्नाचे वय टळून चाललेले ब्रह्मचारी.

असे तिघे मित्र नट व्हायला जालान अंपासवरच्या स्टुडिओत जातात. फाटकावरचा सरदारजी दरवान त्यांना आत सोडायला तयार नसतो. कसेबसे काम मिळते. रात्री संवाद पाठ करायला बसावे, तर शेजारी कुणी ट्रम्पेट वाजवतो, कुणी मोटरसायकल सुरू करतो. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. इथपर्यंत आपण हसतो. पुढे वैरापोटी एकाचे घरच जाळले जाते. हसता हसता घशात आवंढा यावा, ही या चित्रपटांची खासियत.

दिग्दर्शक आणि नायक पी. रामली. जन्म १९२९, पेनांगचा. गाणीही स्वतःच रचायचे नि गायचे. १९७३ मध्ये ४४व्या वर्षी गेले.

तो स्टुडिओ खराच होता. मालक चिनी शॉ बंधू, नट मलय आणि सुरुवातीचे बरेच दिग्दर्शक आपल्याकडचे! सैगलचा ‘स्ट्रीट सिंगर’ (१९३८) करणाऱ्या फणी मजुमदारांनी १९५६ मध्ये तिथे ‘हांग तुआह’ केला, त्यात नायक रामलीच. आपल्यासारख्या परमुलखात रुजलेल्यांना हा मेळ ओळखीचा वाटावा.

मग हे चित्रपट इतके दुर्मिळ का? स्टुडिओ १९६७ मध्ये बंद पडला. फिल्मच्या पट्टीला उष्ण, दमट हवा मानवत नाही. ती आकसते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, आणि एकदा हे सुरू झाले की थांबत नाही. रामलींचे चित्रपट लोकप्रिय म्हणून जपले गेले. पण तिथला पहिला मलय बोलपट मानला जाणारा बी. एस. राजहंस यांचा ‘लैला मजनून’ आज उपलब्ध नाही. आपल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तरी कुठे पुरा राहिला आहे?

येताना मुलाने सीडी घेऊन दिली. घरी लावली तर खाली इंग्रजी ओळीच नाहीत! तरी दरवानाच्या प्रसंगाला नातवंडे पोट धरून हसली. मंडळाच्या सभागृहात दाखवायची असेल तर सांगा, गोष्ट मी आधी सांगेन.