मोटारीच्या पन्हळी : पावसाचे पाणी येते कोठून व जाते कोठे

घराच्या छपराची पन्हळ तुंबली म्हणजे भिंतीत ओल उतरते, हे सर्वांस ठाऊक आहे. मोटारीसही अशाच पन्हळी असतात; मात्र त्या पत्र्याआड दडलेल्या असल्यामुळे पुष्कळ मालकांस त्यांचा पत्ताही नसतो. मोटार नवी असते तोवर हे अज्ञान खपून जाते. दहा-पंधरा पावसाळे पाहिलेल्या मोटारीत मात्र एके दिवशी पायांखालचा गालिचा ओला लागतो, काचांवर आतून वाफ धरते, कुबट वास येऊ लागतो. आणि मालक काचेभोवतालच्या रबरास दोष देऊन तेथे लुकण भरू लागतो. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. पाण्याला आत शिरण्यास नवी वाट मिळालेली नसते. बाहेर पडण्याची जुनी वाट बंद झालेली असते.

पाण्याचा मार्ग

मोटारीच्या अंगात पाण्याचा थेंबही शिरत नाही, ही समजूत बरोबर नाही. रचनाकार पाण्यास सर्वस्वी अडवीत नाहीत. ठराविक जागी त्यास आत घेतात व ठराविक वाटेने बाहेर काढतात. दर्शनी काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या दांड्यांखाली, एक जाळी असते व तिच्याखाली पत्र्याची आडवी कुंडी असते. काचेवरून ओघळलेले पाणी या कुंडीत पडते आणि तिच्या दोन्ही टोकांच्या छिद्रांतून किंवा रबरी नळ्यांतून पुढील चाकांच्या आसपास जमिनीवर सांडते. बैठकीत जाणारी ताजी हवाही बहुधा याच कुंडीतून घेतलेली असते. या हवेच्या वाटेचे तोंड कुंडीच्या तळापेक्षा थोडे उंच ठेवलेले असते. पाणी आणि प्रवाशांचे पाय यांच्यामध्ये एवढाच काय तो उंबरठा असतो.

दारांची रचनाही अशीच आहे. काच खाली-वर होते तेथील रबरी पट्टी बरेचसे पाणी निपटून काढते. उरलेले दाराच्या पोकळीत उतरते व खालच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर पडते. छतात सरकती खिडकी असल्यास तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या बारीक नळ्या खांबांच्या पोकळीतून खाली जातात. अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या मोटारींच्या छताच्या कडेस बाहेरून दिसणारी पन्हळ असे. पुढे बहुतेक बनावटींत ती दिसेनाशी झाली.

रायपूरचा पाऊस व रायपूरचा पाला

रायपुरास वर्षाकाठी सुमारे बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोसळतो. त्यापूर्वीचे महिने कोरडे असतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर राहतो व त्या तापात रबर कडक होऊन चिरते. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाची पानगळ होते. झाडाच्या सावलीत मोटार उभी करणे उन्हाळ्यात शहाणपणाचे असले, तरी त्याची किंमत कुंडीस द्यावी लागते. वड-पिंपळाचे मोठे पान जाळीवरच अडते. परंतु कडुनिंब, चिंच व गुलमोहर यांच्या इवल्या पर्णिका जाळीतून सहज आत उतरतात. त्यांत उरला व सिलतरा येथील पोलादाच्या कारखान्यांमुळे रायपूरकरांच्या परिचयाची झालेली काळी धूळ मिसळते. पहिल्या सरीबरोबर या मिश्रणाचा चिखल होतो आणि तो छिद्राच्या तोंडाशी बुचासारखा बसतो.

थोडेसे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. दर्शनी काच व छताचा काही भाग मिळून दोन चौरस मीटरांचे पाणी कुंडीकडे येते असे धरू. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने जोराची सर आली, तर कुंडीत तासाला १०० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे पावणेदोन लिटर पाणी पडेल.

आता निचरा पाहू. छिद्रातून निघणाऱ्या पाण्याचा वेग त्यावरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा नियम टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. पाच सेंटीमीटर पाणी साचले असता एक सेंटीमीटर व्यासाच्या छिद्रातून, घर्षणादी तूट वजा जाता, मिनिटाला पावणेतीन लिटरांच्या आसपास पाणी जाते. अशी दोन छिद्रे मोकळी असल्यास चिंता नाही. पण चिखलाने छिद्राचा व्यास निम्मा झाला, तर क्षेत्रफळ निम्मे नव्हे, एक चतुर्थांश होते. मग दोन्ही छिद्रे मिळून मिनिटाला दीड लिटरही पाणी नेऊ शकत नाहीत. पाण्याची पातळी चढत जाते आणि उंबरठा ओलांडून पाणी आत येते. मोटार एका अंगास कललेली असेल, तर खालच्या बाजूच्या एकट्या छिद्रावरच सारा भार पडतो.

साचलेले पाणी काय करते

गालिच्याखालचा स्पंज पाणी शोषून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्याखालच्या पत्र्यावर लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने गंज चढतो. चिखलाच्या थराखाली प्राणवायू कमी व थराच्या कडेस अधिक असतो. या फरकामुळे तेथे एक चिमुकला विद्युत्‌घट तयार होतो आणि थराखालचे लोखंड अधिक वेगाने झिजते. म्हणून चिखल जेथे बसतो, नेमके तेथेच भोक पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंग फुगून सुटतो व नवा पत्रा उघडा पडतो. जस्ताचा मुलामा नसलेल्या जुन्या मोटारीत हे लवकर घडते.

प्रश्न केवळ वासाचा वा शोभेचा नाही. बैठका व सुरक्षापट्टे याच तळाच्या पत्र्यास जखडलेले असतात. विजेच्या तारांचे सांधेही पुष्कळदा गालिच्याखाली असतात, आणि भर पावसात काचेवर आतून धरलेली वाफ चालकाची दृष्टीच हिरावते.

निदान व साफसफाई

प्रथम पाणी कोणते ते ओळखावे. उभ्या मोटारीत पावसानंतर ओल दिसली, तर निचऱ्याचा संशय घ्यावा. कोरड्या दिवशी वातानुकूलन चालविल्यावर ओल आली, तर त्या यंत्राची नळी तुंबली असावी. पाणी चिकट व गोडसर वासाचे असल्यास हीटरमधून कुलंट गळत आहे.

साफसफाईसाठी बॉनेट उघडून पाला हाताने वेचावा. तो पाण्याच्या झोताने आत ढकलू नये. जाळी सुटत असल्यास काढावी. नंतर नळीत पडद्याची प्लॅस्टिक चढविलेली स्प्रिंग किंवा जाड नायलॉनचा दोरा हलकेच फिरवीत सारावा. टोकदार तारेने नळी फाटते आणि पंक्चरच्या दुकानातील हवेच्या जोराने ती आतल्या आत सांध्यातून निसटते. मग पाणी थेट बैठकीत येते. काही नळ्यांच्या खालच्या टोकास रबरी ओठ असतात. ते बोटांनी चेपून आतला चिखल मोकळा करावा. दारांच्या खालची छिद्रे बांबूच्या काडीने उघडावीत.

शेवटी परीक्षा घ्यावी. कुंडीच्या एकेका बाजूस एक लिटर पाणी हळूहळू ओतावे व दुसऱ्याने खाली पाहावे. दोन्ही बाजूंनी पाणी विनाविलंब पडले तरच काम झाले असे समजावे. गालिचा भिजला असल्यास तो उचलून स्पंजासह उन्हात वाळवावा. वरून पुसून भागत नाही.

हे काम पानगळीनंतर एकदा, मृगापूर्वी दुसऱ्यांदा व भर पावसाळ्यात तिसऱ्यांदा करावे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करूनच पुढे वाढवून मिळते. त्या वेळी जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्त करता येते, परंतु गंजून गेलेला तळ सहसा पूर्ववत होत नाही. अर्ध्या तासाचे हे काम वेळीच केले, तर तो तळ वाचतो.