दातावरची खाच वाचताना

समजा, उत्खननात मिळालेला एक सुळा तुमच्या हातात आहे. त्यावर आडवी बारीक खाच दिसते, नख फिरवलं की जाणवते. हाच एनॅमल हायपोप्लेसिया.

दात हिरडीत असतानाच एनॅमल बनतं. तेव्हा मोठं आजारपण किंवा उपासमार झाली, की ते बनवणाऱ्या पेशींचं काम बिघडतं आणि तेवढ्या पट्ट्यात थर पातळ राहतो. हाड आयुष्यभर नव्याने घडतं, एनॅमल नाही. म्हणून बालपणातली खूण मोठेपणीही टिकते. दात टोकाकडून मुळाकडे बनत जातो, त्यामुळे खाचेच्या जागेवरून तेव्हाचं वय अंदाजे सांगता येतं.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन मुलांचे सांगाडे मिळाले. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खड्ड्यासारखे दोष तपासले. या सुळ्यांचं एनॅमल गर्भात सुरू होऊन पहिल्या वर्षाच्या आसपास पुरं होतं. म्हणजे इथे प्रश्न आईच्या पोषणापर्यंतही जातो.

आता खरी मेख. खाच दिसली, की ‘हा दुबळा’ असं लिहून मोकळं होऊ नका! खाच उमटायला मूल त्या संकटातून वाचावं लागतं. १९९२ मध्ये जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी अशाच पेचाला ‘ऑस्टिओलॉजिकल पॅरडॉक्स’ म्हटलं. तुमच्या तक्त्यात ‘खाच नाही’ या रकान्यात धडधाकट मूलही असेल आणि पहिल्याच तडाख्यात दगावलेलंही. म्हणून खाचा मोजताना मृत्यूचं वय आणि दाताची झीज शेजारीच नोंदवा. झिजलेल्या टोकाबरोबर खाचही गेलेली असू शकते.