बोन चायना आणि बाकीचं पोर्सेलीन: भट्टीतला फरक

बोन चायनात खरंच हाडं असतात का? असतात! जनावरांची हाडं जाळून केलेली राख, तीही जवळपास निम्मी. उरलेल्यात केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि फेल्डस्पार असलेला दगड. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला स्पोडच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मिश्रण बसलं.

खरी मजा आहे ती भाजण्याच्या क्रमात. जर्मनीतल्या माइसेनचं (कारखाना १७१०चा) 'हार्ड पेस्ट' पोर्सेलीन आधी ९००-१००० अंश सेल्सिअसला हलकं भाजतात आणि ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, देऊन मग थेट १४००च्या आसपास नेतात. माती आणि ग्लेझ एकत्रच पिकतात, एकमेकांत मुरतात. चीनमध्ये जिंगदेझेनला तर कच्च्या भांड्यावरच ग्लेझ देऊन एकदाच भाजायची जुनी पद्धत.

बोन चायनाचं नेमकं उलटं. पहिली भाजणीच कडक, साधारण १२५० अंशांची. ग्लेझची भाजणी नंतर, ११००च्या आसपास. पण पहिल्याच आचेत भांडं इतकं घट्ट होतं की पाणीच शोषत नाही. मग त्यावर ग्लेझ धरवणं ही कारागिराची कसोटी.

फ्रान्सचं जुनं 'सॉफ्ट पेस्ट' तर काचेची पूड घालून केलेलं. देखणं, पण भट्टीत हमखास बसकण मारणारं! १७६८च्या सुमारास लिमोजजवळ हार्ड पेस्टला लागणारं केओलिन सापडलं आणि सॉफ्ट पेस्ट मागे पडलं.

ओळखायचंय? कप उजेडासमोर धरा. बोन चायना सायीसारखं उबदार पांढरं दिसतं, हार्ड पेस्टमध्ये बहुतेकदा निळसर झाक असते.